आत येणारी गळती

डिझेलवर चालणाऱ्या जुन्या वाहनांच्या बाबतीत एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. जीप असो, टेम्पो असो वा ट्रॅक्टर. मालक मूळचा लहान फिल्टर काढून त्या जागी मोठा, अधिक बारीक गाळणारा, खाली पाणी साचायला वाटी असलेला फिल्टर बसवून घेतो. हेतू चांगलाच असतो. पंपात कचरा आणि पाणी जाऊ नये, इंजीन जास्त टिकावे. काम झाल्यावर गाडी व्यवस्थित सुरू होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र स्टार्टर नुसताच फिरत राहतो. हातपंप मारला की इंजीन कसेबसे सुरू होते आणि चढावर पुन्हा धापा टाकते. मेकॅनिक वाकून सगळे जोड बघतो. डिझेलचा एक थेंबही कुठे दिसत नाही. सगळे कोरडे ठणठणीत! मग तो म्हणतो, "एअर घेतेय."

हा शब्दप्रयोग फार नेमका आहे. गळती म्हटले की आतले बाहेर येणे एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. इथे बाहेरचे आत जाते आहे, आणि ज्या फटीतून ते जाते ती फट बाहेरून कोरडीच दिसते. त्यामुळे अनेकदा दोष फिल्टरच्या एका वॉशरमध्ये असतो आणि खर्च होतो तो इंजेक्शन पंप उतरवून दुरुस्तीला पाठवण्यावर. आत येणाऱ्या गळतीने माणसाला चकवण्याची ही काही पहिली वेळ नाही. तिचा इतिहास साडेतीनशे वर्षांहून जुना आहे आणि तो मोटारीपासून नव्हे, पाण्याच्या पंपापासून सुरू होतो.

गॅलिलिओचे शेवटचे मोठे पुस्तक १६३८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात एका पंपाची हकिकत आहे. हौदात पाणी भरपूर असताना पंप छान चाले, पण पातळी एका मर्यादेखाली गेली की काही केल्या पाणी वर येईना. मालकाला वाटले, पंप बिघडला. दुरुस्तीला आलेल्या कारागिराने सांगितले की पंपात काही दोष नाही. पाणीच फार खोल गेले आहे, आणि अठरा हातांहून अधिक उंच पाणी अशा पंपाने चढतच नाही. तिथले अठरा हात म्हणजे आपले सुमारे साडेदहा मीटर. विद्वानांना कोड्यात टाकणारी ही मर्यादा कारागिराला अनुभवाने ठाऊक होती.

या मर्यादेचे कारण गॅलिलिओनंतर टॉरिचेलीने १६४४ मध्ये स्पष्ट केले. पंप पाणी ओढत नाही. पंप फक्त नळीतला दाब कमी करतो, आणि हौदातल्या पाण्यावर दाबून बसलेली बाहेरची हवा ते पाणी नळीत वर ढकलते. हवेचा दाब जेवढे वजन पेलू शकेल तेवढेच पाणी चढणार. पाण्याच्या बाबतीत ही उंची १०.३ मीटरच्या आसपास येते, पाऱ्याच्या बाबतीत ७६ सेंटिमीटर. डिझेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्याचा हिशेब सुमारे १२ मीटर निघतो. चार वर्षांनी, १६४८ मध्ये, पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधल्या प्वी-द-दोम या डोंगरावर चढला. वर पारा खाली उतरलेला आढळला, कारण वर हवेचा थर कमी.

आपण वर्गात हे सगळे शिकवतो. पण बोलताना मात्र "पंप पाणी ओढतो" असेच म्हणतो. रोजच्या बोलण्यात त्याने काही बिघडत नाही. गळती शोधायची वेळ आली की बिघडते. "ओढणे" डोक्यात असेल तर माणूस थेंब शोधत बसतो. बाहेरची हवा सर्व बाजूंनी ढकलते आहे हे डोक्यात असेल, तर ती केवळ टाकीतल्या इंधनावरच नव्हे, प्रत्येक जोडावर, प्रत्येक वॉशरवर, नळीच्या प्रत्येक भेगेवर दाबते आहे हेही लक्षात येते. जिथे वाट मिळेल तिथून ती आत जाणार.

एक सोपा प्रयोग करून पाहता येईल. शीतपेयाच्या नळीला पाण्याच्या पातळीच्या वर टाचणीने बारीक भोक पाडा. आता पाणी तोंडाने ओढा. पाण्याबरोबर बुडबुडे येतील, पण भोकातून एक थेंबही बाहेर पडणार नाही. मग नळी पाण्याने भरून, खालचे टोक बोटाने दाबून धरा आणि वरून फुंका. त्याच भोकातून पाण्याची चिळकांडी उडेल. भोक तेच, फक्त दाबाची दिशा उलटली. हा प्रयोग पाण्यावरच करावा. डिझेल तोंडाने ओढण्याचा उद्योग कुणीही करू नये. ते फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते.

आत येणाऱ्या गळतीशी ज्याने सर्वांत चिकाटीने झुंज दिली तो माणूस होता जर्मनीतल्या माग्देबुर्ग शहराचा नगराध्यक्ष ऑटो फॉन गेरिके. पोकळी निर्माण करता येते की नाही, या वादात केवळ युक्तिवाद करत बसणे त्याला मान्य नव्हते. त्याने एक लाकडी पिंप घेतले, पाण्याने काठोकाठ भरले, फटी बुजवल्या आणि खालच्या बाजूला पितळी पंप जोडून पाणी उपसायला सुरुवात केली. पाणी गेले की मागे पोकळी राहील, अशी साधी कल्पना. तगडे गडी पंप ओढत होते. पाणी कमी होऊ लागले तसा पिंपातून उकळत्या पाण्यासारखा आवाज येऊ लागला. लाकडाच्या फळ्यांमधून आणि खुद्द लाकडाच्या छिद्रांतून हवा आत घुसत होती.

गेरिकेने दुसरा उपाय केला तो आजच्या मेकॅनिकनेही ध्यानात घ्यावा असा आहे. त्याने लहान पिंप मोठ्या पिंपात ठेवले, मोठ्या पिंपात पाणी भरले आणि मग आतल्या पिंपातले पाणी उपसले. हेतू असा, की फटीपाशी आता हवाच नाही, पाणी आहे. मग हवा शिरणार कुठून? पण या वेळी पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा बारीक आवाज येत राहिला, आणि उघडून पाहिले तर आत पाणी झिरपले होते, हवाही होती. लाकूड या कामाला नालायक ठरले. तिसऱ्या खेपेस त्याने तांब्याचा गोल घेतला. हवा जवळजवळ सगळी निघाली असे वाटत असतानाच तो गोल धडाम आवाज करून चुरगळलेल्या फडक्यासारखा आत दबला. गेरिकेने त्याचा दोष गोल नीट वाटोळा न बनवणाऱ्या कारागिराला दिला आणि दुसरा, अधिक काटेकोर गोल करून घेतला. तो टिकला.

सोळा घोडे जोडून दोन अर्धगोल ओढण्याचा त्याचा प्रसिद्ध खेळ पाठ्यपुस्तकात असतो. माग्देबुर्गमध्ये तो १६५७ मध्ये झाला. चित्रात घोडे ठळक दिसतात, पण ज्या वस्तूमुळे हा खेळ शक्य झाला ती दिसत नाही. दोन अर्धगोलांच्या मध्ये मेण आणि टर्पेंटाइन यांच्या मिश्रणात भिजवलेले चामड्याचे कडे बसवलेले होते. आज फिल्टरच्या डोक्यावर जी रबरी रिंग बसते, तिचे हे पूर्वज. ते कडे कोरडे राहिले असते तर एका घोड्याचीही गरज पडली नसती.

गेरिकेच्या पंपाची माहिती १६५७ मध्येच एका जेझुइट लेखकाच्या पुस्तकातून युरोपभर पसरली. ती वाचून इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉइलने रॉबर्ट हूककडून आपला पंप बनवून घेतला. बॉइलचे १६६० चे पुस्तक वाचताना एक गोष्ट मनाला भावते. आपला पंप गळतो हे तो लपवत नाही. कुठे कोणते लुकण लावले, दट्ट्यावर तेल कसे ओतले, तरी हवा कशी शिरली, हे सगळे तो तपशिलाने लिहितो. टॉमस हॉब्जने नेमके यावरच बोट ठेवले: ज्या यंत्रात हवा शिरते आहे त्याच्यावरून पोकळीबद्दल काही सिद्ध कसे होणार? पुढच्या पंपात बॉइलने पंपाचे नळकांडेच पाण्यात बुडवून ठेवले. म्हणजे पुन्हा गेरिकेचीच युक्ती, फक्त या वेळी लाकडाऐवजी धातूवर.

या सगळ्या खटपटीतून १६६२ मध्ये बॉइलचा नियम पुढे आला. तापमान तेच असेल तर हवेवरचा दाब दुप्पट केला की तिचे आकारमान निम्मे होते. हवा स्प्रिंगसारखी वागते. द्रव मात्र जवळजवळ दबतच नाहीत. या एका फरकावर डिझेल इंजिनाचे सारे दुखणे उभे आहे. तिथे जाण्यापूर्वी वाटेत वाफेच्या इंजिनापाशी क्षणभर थांबू.

न्यूकमेनचे इंजीन १७१२ मध्ये इंग्लंडमध्ये खाणीतले पाणी उपसू लागले. सिलिंडरमध्ये वाफ भरायची, तिच्यावर थंड पाणी मारून ती आटवायची आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने दट्ट्या खाली आणायचा, अशी त्याची रीत. पण पाण्यात विरघळलेली हवा वाफेबरोबर सिलिंडरमध्ये येई. वाफ आटे, हवा आटत नसे. थोड्याच फेऱ्यांत सिलिंडर हवेने भरून इंजीन गुदमरे. म्हणून न्यूकमेनने एक लहान झडप ठेवली होती. प्रत्येक फेरीत नवी वाफ आत येताना साचलेली हवा त्या झडपेतून फुस्स करून बाहेर जाई. दट्ट्याच्या चामड्यावर तो पाण्याचा थरही ठेवी, म्हणजे फटीतून हवेऐवजी पाणीच झिरपावे. एअर काढण्याचा स्क्रू आपण आज वापरतो, त्याची ही सर्वांत जुनी भावंडे.

आता डिझेल. रुडॉल्फ डिझेलने १८९२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९३ पासून आउग्सबुर्गमध्ये प्रयोग सुरू केले. हवा इतकी दाबायची की ती तापून लाल व्हावी अशा तापमानाला पोहोचावी, आणि त्या हवेत इंधन सोडावे. ते आपोआप पेटेल. कल्पना सुटसुटीत आहे. अडचण अशी, की सिलिंडरमध्ये आधीच तीसपस्तीस वातावरणांचा दाब असताना त्यात थेंबभर इंधन, ठरल्या क्षणी, बारीक फवारा करून घुसवायचे कसे? त्या काळी इतके अचूक पंप बनवणे शक्य नव्हते. डिझेलने उत्तर शोधले ते हवेतच. वेगळ्या कॉम्प्रेसरने सिलिंडरपेक्षाही जास्त दाबाची हवा तयार करायची आणि तिच्या झोताने इंधन आत उडवायचे. फेब्रुवारी १८९७ मध्ये प्राध्यापक श्र्योटर यांनी ज्या इंजिनाची चाचणी घेतली आणि २६ टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता नोंदवली, ते इंजीन याच पद्धतीचे होते. म्हणजे डिझेल इंजिनाच्या जन्मकाळी इंधनाच्या वाटेतली हवा ही शत्रू नव्हती. तीच इंधनाचे वाहन होती.

हा कॉम्प्रेसर मात्र अवजड. गिरणीत किंवा जहाजावर चालून जाई, ट्रकवर कसा बसवणार? पाणबुडीतही जागेची टंचाई. तिथल्या इंजिनांसाठी ब्रिटनच्या व्हिकर्स कंपनीत मॅकेक्नी यांनी १९१० मध्ये हवेशिवाय नुसत्या पंपाच्या दाबाने इंधन फवारण्याचे पेटंट घेतले. जर्मनीत १९२३-२४ च्या सुमारास बेन्झ आणि मान या कंपन्यांचे डिझेल ट्रक तयार झाले. पण गाडीमागे गाडी त्याच अचूकतेने काढता येईल असा पंप हवा होता. रॉबर्ट बॉश यांनी १९२२ मध्ये तो बनवण्याचे ठरवले आणि १९२७ मध्ये त्यांच्या कारखान्यातून असे पंप नियमित बाहेर पडू लागले. डिझेल स्वतः हे पाहायला नव्हते. सप्टेंबर १९१३ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडताना जहाजावरून ते नाहीसे झाले होते.

बॉशच्या पंपाचे काळीज म्हणजे एक पोलादी दांडी आणि तिच्याभोवतीचे नळकांडे. दोन्हींमधले अंतर मिलिमीटरच्या दोन-चार हजारांशांइतके. आपला केस याच्या वीसपट तरी जाड असतो. इथे चामडे नाही, रबर नाही, रिंग नाही. इतक्या अरुंद फटीत डिझेलचा पातळ थर हीच काय ती सीलबंदी. भारतात १९५१ मध्ये स्थापन झालेल्या माइको कंपनीने बॉशच्या परवान्याने हे काम बंगळूरला सुरू केले. पुढे त्यांचा नोझलचा कारखाना नाशिकला आला, आणि तिथल्या कितीतरी कुटुंबांना मायक्रॉन हा शब्द घरच्यासारखा झाला.

आता बॉइलचा नियम घेऊन थोडा हिशेब करू. समजा, दांडीच्या एका फेरीत ३० घनमिलिमीटर डिझेल नोझलकडे जायचे आहे आणि नोझल १५० वातावरणांच्या दाबाला उघडते. नळकांड्यात शुद्ध डिझेल असेल तर तेवढ्या दाबाने ते साधारण एक टक्का दबेल, म्हणजे ०.३ घनमिलिमीटर. उरलेले बहुतेक सगळे नोझलमधून बाहेर जाईल. आता तिथे डिझेलऐवजी ३० घनमिलिमीटरचा बुडबुडा आला असे धरा. मिरीच्या दाण्याहून तो लहानच असेल. १५० वातावरणांना त्याचे आकारमान होईल ३० भागिले १५०, म्हणजे ०.२ घनमिलिमीटर. म्हणजे दांडीची जवळपास पूर्ण फेरी बुडबुडा दाबण्यातच गेली. दांडी मागे गेली की तो स्प्रिंगसारखा पुन्हा फुगतो, आणि पुढच्या फेरीत पुन्हा तेच. नोझल उघडतच नाही. पंप फिरतो आहे, टाकी भरलेली आहे, दोष कशातच दिसत नाही, आणि इंजिनाला मात्र थेंबही मिळत नाही. कॉम्प्रेसर गेला, पंप आला, आणि त्याबरोबर हवेची भूमिकाही उलटली.

एवढ्या बारीक फटीचा पंप आला म्हणजे गाळणीही तितकीच बारीक हवी. सुरुवातीला कापड आणि नमदा, नंतर घड्या घातलेला खास कागद, असा फिल्टरचा प्रवास झाला. धुळीखेरीज दुसरा वैरी पाणी. पाण्याने पोलाद गंजते आणि डिझेलचे वंगणही जाते. अमेरिकेत १९७८ मध्ये ओल्ड्समोबिलची मोठी डिझेल मोटार बाजारात आली, तिच्या इंधनमार्गात पाणी वेगळे करणारा भाग नव्हता. पंप आणि नोझल गंजण्याच्या तक्रारी आल्या. त्या इंजिनाचे दोष आणखीही होते, पण पाण्याचा धडा सर्वांनी घेतला. वाटीवाला मोठा फिल्टर जोडून घेण्यामागे असे अनुभव आहेत. तेव्हा फिल्टर बदलणाऱ्या मालकाला हसण्याचे कारण नाही.

मग चांगला फिल्टर बसवल्यावरच हवा का शिरते? त्यासाठी इंधनाची वाट पाहिली पाहिजे. टाकीतून नळीने डिझेल फिल्टरकडे येते, तिथून पंपाकडे. ज्या गाड्यांत ढकलणारा पंप टाकीत किंवा फिल्टरच्या आधी असतो, तिथे इंजीन चालू असताना फिल्टरमध्ये बाहेरच्यापेक्षा जास्त दाब असतो. सैल जोडातून डिझेल बाहेर येते आणि दिसते. पण अनेक जुन्या गाड्यांत फिल्टर आधी आणि पंप नंतर असतो. तिथे फिल्टर ओढण्याच्या बाजूला पडतो. टाकीतल्या डिझेलची पातळी फिल्टरपेक्षा अर्धा मीटर खाली असेल तर केवळ उंचीमुळे फिल्टरमधला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे चार टक्के कमी होतो. त्यात नवा, अधिक बारीक कागद प्रवाहाला जास्त अडवतो. पंपाला दाब आणखी खाली न्यावा लागतो. जी फट जुन्या फिल्टरच्या वेळी निमूट होती ती आता हवा घेऊ लागते. शिवाय नव्या फिल्टरबरोबर नवे जोड येतात, आणि वर्षानुवर्षे एका जागी बसून कडक झालेली रबरी नळी हलवली की टोकाशी चिरते.

दुसरे कारण अधिक मजेदार आहे. हवा डिझेलपेक्षा शंभराहून अधिक पट कमी चिकट. तेवढ्याच दाबाच्या फरकाला ज्या फटीतून डिझेल जेमतेम ओलावा दाखवील, तिच्यातून हवा शंभरपट सुखाने जाते. म्हणून "डिझेल येत नाही म्हणजे जोड पक्का" हे अनुमान चुकते.

आणि सकाळचेच काय? इंजीन बंद असताना फिल्टरमधले डिझेल टाकीच्या पातळीच्या वर टांगलेले असते, टॉरिचेलीच्या नळीतल्या पाऱ्यासारखे. पारा वर टिकतो, कारण वरून हवा शिरत नाही. नळीच्या माथ्याला भोक पाडा, तो खाली येईल. रात्रभर फिल्टरच्या वॉशरमधून थोडी थोडी हवा जाते आणि डिझेल हळूहळू टाकीत उतरते. सकाळी पंपापुढे रिकामी नळी असते. फिल्टर ढकलण्याच्या बाजूला असला तरी बंद गाडीत हेच घडू शकते. उतारावर तोंड खाली करून लावलेली गाडी पुष्कळदा सुरू होते, सपाटीवर होत नाही, याचेही गमक यातच आहे.

कधी कधी दोष कुणाच्या कामात नसून इंधनातच असतो. ऑक्टोबर १९९३ मध्ये अमेरिकेत कमी गंधकाचे डिझेल आले; कॅलिफोर्नियात त्याबरोबर अॅरोमॅटिक संयुगांवरही मर्यादा आली. त्यानंतर जुन्या वाहनांचे जोड गळू लागले. जुन्या डिझेलमधली अॅरोमॅटिक संयुगे नायट्राइल रबरात शिरून त्याला फुगवून ठेवत. ती कमी होताच वर्षानुवर्षे फुगलेल्या रिंगा आक्रसल्या, आणि जुने, कडक झालेले रबर पुन्हा मूळ आकाराला येईना. उपाय एकच होता, नव्या रिंगा. इंधनाचा फारसा परिणाम न होणाऱ्या फ्लुओरिनयुक्त रबराच्या रिंगा त्यासाठी चांगल्या. एकविसाव्या शतकात भारतातही डिझेलमधले गंधक टप्प्याटप्प्याने उतरले आणि एप्रिल २०२० पासून ते दहा लाख भागांत दहा भागांवर आले. जुन्या गाडीचा फिल्टर बदलताना रिंगा आणि रबरी नळ्याही बदलाव्यात, असे म्हणण्यामागे हे रसायन आहे.

आता शोध. इथे दोन युक्त्या कामी येतात: गळती दिसेल असे करा, नाहीतर तिची दिशा उलटवा. पहिलीसाठी पंपाच्या अगदी आधी डिझेलला टिकणाऱ्या पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा जोडतात. इंजीन चालू असताना त्यात बुडबुड्यांची माळ दिसली तर हवा त्याच्या मागे कुठेतरी शिरते आहे. मग तोच तुकडा फिल्टर आणि टाकी यांच्या मध्ये लावायचा. तिथे डिझेल स्वच्छ आणि फिल्टरनंतर बुडबुडे, तर चोर फिल्टरपाशी आहे. पहिल्या सुरुवातीचे किंवा तापल्यावरचे एखाददुसरे बारीक बुडबुडे मनावर घेऊ नयेत. कमी दाबाला डिझेलमध्ये विरघळलेली हवा सुटतेच, न्यूकमेनच्या पाण्यातून सुटत होती तशी. परतीची नळीही तपासावी, ती सहसा कुणाला आठवत नाही.

दुसरी युक्ती अशी, की टाकीकडचे आणि परतीचे टोक बंद करून नळीत सायकलच्या पंपाने अगदी हलका दाब द्यायचा, एका वातावरणाच्या पाव भागाहून जास्त नको, आणि जोडांवर साबणाचे पाणी लावायचे. आत येणारी गळती आता बाहेर येते आणि फुगा धरते. पंक्चर काढणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. तिसरा एक मार्ग म्हणजे फिल्टर आणि जुनी नळी बाजूला ठेवून, इंजिनापेक्षा उंचावर टांगलेल्या लहान डब्यातून थेट पंपाला स्वच्छ डिझेल देणे. इंजीन सुरळीत चालले तर इंजेक्शन पंप निर्दोष आहे, आणि तो उतरवण्याचा खर्च वाचला.

दोष सापडतो तो बहुधा क्षुल्लक असतो. जुनी रिंग फिल्टरच्या डोक्याला चिकटून राहिलेली आणि तिच्यावर दुसरी बसवलेली. तांब्याचे वॉशर पुन्हा वापरलेले. नळीचा व्यास टोकापेक्षा किंचित मोठा आणि क्लिप आवळून तो भागवलेला. पाणी सोडण्याचा खालचा स्क्रू. कधी खुद्द हातपंपाच्या दांड्याचे सील. जोड जोर लावून आवळणे हा उपाय नव्हे. फिल्टरचे डोके अॅल्युमिनियमचे असते, त्याला तडा गेला तर नव्याने हवा शिरते. शंकूच्या आकाराच्या टोकांवर टेप गुंडाळूनही उपयोग नाही, कारण तिथे सीलबंदी आट्यांवर नसून धातूवर धातू बसण्याने होते. सुटलेला टेपचा धागा मात्र थेट पंपात जातो.

शेवटी आत राहिलेली हवा काढायची. क्रम टाकीकडून इंजिनाकडे. आधी फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू दोन आटे सैल करून हातपंप मारायचा. फेस येईल, मग फेसाळ डिझेल, मग स्वच्छ. तेच इंजेक्शन पंपावर. नोझलच्या नळ्यांचे जोड त्यानंतर, स्टार्टरने इंजीन फिरवत, चेहरा आणि हात दूर ठेवून. तिथला फवारा कातडी भेदून आत जातो. नव्या, उच्च दाबाच्या कॉमन रेल इंजिनांत, जी १९९७ पासून मोटारींत आली, हे जोड असे सैल करायचे नसतातच. प्रत्येक स्क्रू बंद करताना हातपंप दाबलेलाच ठेवावा. आधी हात सोडला आणि मग स्क्रू आवळला, तर तेवढ्या क्षणात बाहेरची हवा पुन्हा आत आलेली असते.